आवाज आला नाही ती संध्याकाळ

तेमिर-सू,
३ जुलै १९९८

तीर्थरूप जिपार एजेस,

धाकट्या भावाचा, मुकाशचा, आदबीचा सलाम. वि. वि. जनावरं सुखरूप, माणसं सुखरूप, हे पिठाच्या ट्रकवाल्याकडून कळलं. तुमच्या करड्या घोडीला शिंगरू झालं म्हणे. इकडे तुमच्या भावजयीचे, आनारचे, गुडघे दुखतात ते दुखतातच. शाळेला सुट्टी लागली आहे आणि बाजारात कलिंगडं अजून यायची आहेत. एवढं सोडलं तर आज जे लिहायला बसलो ते चांगलं नाही.

काल एर्मेकला तुरुंगात भेटलो. पोरगं वाळलं आहे, पण मान ताठ आहे. तुमच्यावर गेलं आहे. वकील म्हणतो, सप्टेंबरात खटला उभा राहील. सोरोनकुलनी याला रेडिओ केंद्रातल्या नोकरीवरून काढलं तेव्हा हा मूर्ख भर अंगणात सगळ्यांदेखत ओरडला होता की, मी तुम्हाला बघून घेईन. पुढे महिन्याभरात, गेल्या ऑगस्टात, सोरोनकुल संध्याकाळच्या कार्यक्रमाला निघाले आणि केंद्राच्या दारातच कुणीतरी त्यांना गोळी घातली. पोलिसांना याहून जास्त काय लागतं? एर्मेकच्या कानामागे वळाची खूण आहे, तो म्हणे झटापटीत लागला. एर्मेक पहिल्या दिवसापासून एकच सांगतो: मी त्या वेळी आत्याच्या कुरणावर होतो, डोंगराच्या धारेवर रेडिओची तार लावत होतो, आणि हा वळ पलीकडच्या तोक्तोरच्या चाबकाचा आहे. तोक्तोरने मात्र पोलिसांना सांगितलं आहे की तो स्वतः धारेवर गेलाच नाही, तो रेडिओ ऐकतच नाही, आणि या पोराला त्याने कधी हात लावलेला नाही.

वकिलाचा सल्ला असा आहे की रागाच्या भरात हातून घडलं असं एर्मेकने लिहून द्यावं. शिक्षा निम्म्यावर येईल, मध्ये एखादी माफी निघाली तर काही वर्षांत घरी येईल. एर्मेक ऐकत नाही, मी त्याला समजावतो आहे. मी बाप आहे, एजे. पोरगं जिवंत घरी यावं, डोक्यावर कलंक घेऊन आलं तरी मी दार उघडेन.

दुसरी गोष्ट. सोरोनकुलच्या वर्षाच्या जेवणाला कोशोक गायला त्यांच्या बायकोने, बुरुलवहिनींनी, तुम्हाला बोलावलंय असं ऐकतो. मयताचं शोकगीत दुसरं कुणीही गाईल. तुम्ही गाऊ नका. जिल्ह्याच्या हाकिमसाहेबांच्या मेव्हण्याने खालच्या कुरणाला कुंपण घातलं आणि ते कुणाच्या परवानगीने घातलं हे सोरोनकुल रोज रेडिओवर विचारायचे, ही गोष्ट इथे कुणी विसरलेलं नाही, पण मोठ्याने कुणी आठवतही नाही. तुमचा गळा एकदा मोकळा सुटला की तो तुमचंही ऐकत नाही. घसा बसला आहे असं वहिनींना कळवून टाका.

दाजींना सलाम. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
मुकाश


कोक-जोन कुरण,
१२ जुलै

चि. मुकाशला जिपारचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

वि. वि. शिंगरू झालं हे खरं, पण ते करड्या घोडीला नाही, तांबडीला. ट्रकवाल्याला घोड्यातलं काही कळत नाही. आनारला सांग, मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून गुडघ्याला लाव. आणि तू मास्तर आहेस म्हणून माझ्या अक्षराला लाल शाई लावू नकोस.

घसा बसला आहे असं कळवू म्हणतोस? माझा घसा बसवायला निघालेला एकच माणूस मी ओळखते, तो म्हणजे सागिन, आणि लग्नापासून प्रयत्न करून करून बिचारा स्वतःच मुका झाला. मुकाश, तुझ्या पत्रात वकिलाने काय म्हटलं, पोलिसांनी काय म्हटलं, तोक्तोरने काय म्हटलं, सगळं आहे. त्या संध्याकाळी काय झालं ते मात्र कुणी आम्हाला विचारलेलंच नाही. तूही नाहीस. म्हणून न विचारता सांगते.

मेंढ्या आत घेऊन झाल्या होत्या. सोरोनकुलची वेळ झाली. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची गाय कुणाच्या हद्दीत सापडली, डॉक्टर कोणत्या दिवशी वर येणार, हे सगळं आम्हाला तोच माणूस सांगायचा, आणि शेवटी कुंपणाचा तो एक सवाल. मी रेडिओ लावला. आवाज नाही. मी सेल काढून दातांनी चावले. मग सागिनवर खेकसले की कंजूषपणा करून जुने सेल आणलेस. तो नवेच आहेत म्हणाला, मी खोटं बोलू नकोस म्हटलं. शेजारच्या काकिनने तिच्या तंबूत रेडिओला दोन चापट्या मारल्या. तिच्या सासऱ्याने तो उचलून छातीशी धरला, कारण त्याच्या मते रेडिओला थंडी वाजते. कुरणावरच्या एकूण एक माणसाला वाटलं की आपलाच रेडिओ बिघडला. तिकडे माणूस उंबऱ्यावर पडला होता आणि आम्ही इकडे सेलांना शिव्या देत होतो. मला अजून झोपताना तोंडात सेलाची चव येते.

आणि एर्मेक? नोकरीवरून काढलं म्हणून रुसून माझ्याकडे आला होता. त्या माणसाचं नाव काढू नका म्हणायचा. पण आवाज आला नाही तसा हाच सगळ्यांच्या आधी उठला, तारेचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि धारेकडे पळत सुटला. काकिनचं दह्याचं भांडं त्याच्या पायाखाली आलं. ती ते दही अजून मागते आहे. परत आला तो कान धरून. तोक्तोरने हाणलं म्हणाला. मी त्यावर ओली चिंधी बांधली आणि वर चार शब्द सुनावले.

दुसऱ्या दिवशी ट्रकवाला आला. खाली उतरला आणि घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस मागण्याऐवजी म्हाताऱ्यांना एकत्र बोलवा म्हणाला. तेव्हाच आम्हाला कळलं की कुणीतरी गेलं. कोण, ते कळल्यावर एर्मेक तारेचं वेटोळं मांडीवर घेऊन बसला तो जेवायलाही उठला नाही. ज्याने मारलं तो असा बसतो का?

कुरणावर कुणालाही विचार, आवाज आला नाही तेव्हा तू कुठे होतास. जो तो हातातल्या कामासकट सांगेल. आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तारेचं वेटोळं घेऊन पळणारा तुझा मुलगा आहे. अशा पोराकडून तू खुनाची कबुली लिहून घेणार आहेस होय? मी गाणार आहे. बुरुलला शब्द दिला आहे.

तू कुठे होतास, ते तू अजून कधी लिहिलं नाहीस.

माया पातळ व्हायला ती काय चहा आहे? आहे तशीच आहे.

तुझी एजे,
जिपार


तेमिर-सू,
२१ जुलै

ती. एजेस मुकाशचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी तपास-अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने ते वाचलंदेखील नाही. हसून म्हणाला, आत्या, आत्याचा नवरा, शेजारीण म्हणजे नवऱ्याची चुलत भावजय. मास्तर, हे साक्षीदार नव्हेत, ही एका पातेल्यात जेवणारी मंडळी आहे, तुमच्या अख्ख्या कुरणाचे सात पिढ्यांचे बाप एकच. परक्या कुळातला एक माणूस आणा, मग बघू.

परक्या कुळातला एकच माणूस त्या धारेवर होता, आणि तो तोक्तोर आहे. एजे, तुम्हाला राग येईल, पण लिहितो. तुम्ही त्याच्याकडे जा. त्याच्या आईने तुमच्या कानात मागणीची कर्णफुलं घातली तेव्हा नको तर नको म्हणायचं होतं. तुम्ही ती काढून बकरीच्या कानांत अडकवलीत आणि बकरी हाकून परत पाठवलीत. माणूस हे विसरत नाही. वर सोरोनकुलनी रेडिओवर सांगितलं की तोक्तोरने दुसऱ्यांच्या गवतावर मेंढ्या घातल्या. खरं असलं तरी सगळ्या खोऱ्याने ऐकलं ना. तुम्ही थोडं नमतं घेतलंत तर कदाचित त्याचं मन वळेल.

आणि कृपा करून गाऊ नका. मुख्याध्यापकांनी परवा मला सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमच्या भगिनींची तब्येत कशी असते.

मी कुठे होतो ते महत्त्वाचं नाही. वकिलाने बजावलं आहे, बापाने काहीही आठवायचं नाही.

तुमच्या मायेवरच तगून असलेला,
मुकाश


कोक-जोन कुरण,
१ ऑगस्ट

चि. मुकाश,

अ. आ. वि. वि. गेले होते रे बाबा. स्वच्छ रुमाल डोक्याला बांधला, कणकेचे ताजे बोरसोक तळून घेतले आणि नमतं घ्यायला धारेपलीकडे गेले. बकरीबद्दल माफीही मागितली. तो म्हणाला, बकरी चांगली दुधाळ निघाली. यापुढे बोलायला काही उरलं नाही म्हणून आम्ही कुमिस प्यायलो.

मग मी एर्मेकचं नाव काढलं. तोक्तोरने तोंड दाराकडे फिरवलं. म्हणाला, ज्या दिवशी त्या माणसाने रेडिओवर माझं नाव घेतलं त्या दिवशी मी भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, याचा आवाज पुन्हा ऐकणार नाही; दोन्ही बाजूंचे म्हातारे समोर होते. आता मी त्याच्यासाठी धार चढलो म्हणून सांगू? भाकरीवरची शपथ मोडणाऱ्याच्या घरची भाकरी कोण खाईल? माझ्या नातवांना मुली कोण देईल? आणि वर हाकिम. मला जगू द्या, म्हणाला.

वाईट म्हणजे, त्याचं मला पटलं. भाकरीची शपथ ही काही पोलिसांची सही नव्हे. पण मुकाश, निघताना मी चुलीकडे पाहिलं. तिथे दोन सेल शेकायला ठेवले होते. सोरोनकुल गेले त्याच आठवड्यात केंद्र बंद झालं, वर्ष होत आलं. आम्ही इकडे सगळे अजून त्या वेळेला रेडिओ लावतो. नुसती खरखर येते, ती ऐकतो आणि बंद करतो. मला वाटलं होतं की हा वेडेपणा फक्त आमच्या बाजूला आहे.

मी त्याला काही बोलले नाही. बोलेन ते आता पाठ करून बोलेन. जेवण होईपर्यंत एर्मेकला सही करू देऊ नकोस. एवढं एक माझ्यासाठी कर.

तुझी हट्टी,
जिपार


तेमिर-सू,
९ ऑगस्ट

ती. एजे,

सलाम. घाईत लिहितो, ट्रक थांबला आहे. हाकिमसाहेबांचा हुकूम निघाला. सोरोनकुलच्या जेवणाला फक्त नातेवाईक. शर्यती नाहीत, गर्दी नाही, फाटकावर शिपाई राहील. तुम्ही गायलात तर पुढच्या वर्षी कोक-जोनवर मेंढ्या नेता येणार नाहीत असं मला तोंडी सांगण्यात आलं, तुम्हाला कळवण्यासाठी. इकडे अधिकारी म्हणतो, कबुली या आठवड्यात, नंतर काही सवलत नाही. मी एर्मेकसाठी पेन घेऊन गेलो होतो. त्याने ते माझ्या खिशात परत खोचलं आणि म्हणाला, अब्बा, आत्याला आधी गाऊ द्या.

मला तुम्हा दोघांची भीती वाटते.

मुकाश


कोक-जोन कुरण,
१९ ऑगस्ट

चि. मुकाशला अ. आ.

वि. वि. घसा खरंच बसला आहे. आता हवं तर कळव कुणाला.

पहिल्यापासून सांगते. फाटकावर एक तरणा शिपाई उभा होता, हातात हुकूम. फक्त नातेवाईक आत, म्हणाला. लोक घोड्यांवरून, ट्रकमधून, चालत आले होते. कुमिसच्या पखाली, कुणी मेंढरू आडवं टाकून आणलेलं. काकिनचा सासरा पुढे झाला आणि म्हणाला, नातं ना? मग ऐक. आणि आपल्या सात पिढ्यांचे बाप म्हणायला लागला. सातव्या बापाशी सोरोनकुलचं नाव भिडलं तसा आत गेला. मग दुसरा. मग तिसरा. ज्याला सातव्यात सापडेना तो नवव्यात गेला, कुणी आईकडून गेला. सरकारनेच तर म्हटलंय ना, आम्ही सगळे एका बापाचे. त्या दिवशी आम्ही ते सिद्ध करून दिलं. शेवटी म्हाताऱ्यांनी त्या शिपायालाच विचारलं, तुझे बाप सांग. बिचारा म्हणत गेला आणि पाचव्यातच आमच्यात आला. मग त्याला बाहेर कसं ठेवायचं? त्यालाही चहा दिला.

परक्या कुळातली माणसंही आली, कारण बुरुलने निरोप धाडले होते. तोक्तोर आला. आणि हाकिमही आला. आपण समोर बसल्यावर कुणाचं तोंड उघडणार नाही असा त्याचा हिशेब असावा. मानाच्या जागेवर बसला. घोड्याचं मांस आलं, हाडं ज्याच्या त्याच्या मानाने वाटली, आणि मग बायकांची वेळ झाली.

मी तंबूच्या भिंतीकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले. लोकांकडे पाठ. म्हणून पुढचं सगळं मी फक्त ऐकलेलं आहे, चेहरे मला काकिनने नंतर सांगितले. एकदा कोशोक सुरू झाला की तो संपेपर्यंत मध्ये कुणी बोलत नाही. आपली आजी म्हणायची, खानालासुद्धा ती मुभा नव्हती. मग हाकिम तो काय. आधी मी सोरोनकुलचं बालपण गायले, त्याची आई, त्याचा पहिला घोडा. मग त्या संध्याकाळवर आले.

सेल मी चावले दातांनी, दोष दिला सेलांना,
काकिनने मारल्या चापट्या, दोष दिला तारांना.
दोष नव्हता सेलांचा, दोष नव्हता तारांचा,
उंबऱ्यावर पडला होता आवाज आमच्या डोंगरांचा.

मग एकेक घर घेतलं. कोण घोडी दोहत होतं, कोण तंबूची दोरी आवळत होतं, कोण बायकोशी भांडत होतं. मागून हुंदके ऐकू यायला लागले. पुरुषसुद्धा. मग एर्मेक आला, तारेचं वेटोळं आलं, दह्याचं भांडं आलं. दह्यापाशी कुणीतरी रडता रडता हसलं. आणि मग मी धारेवर गेले.

भाकरीची शपथ होती त्याची, तुझा आवाज ऐकणार नाही,
धार चढून आला तो, आणि आवाज आलाच नाही.
मारणाऱ्यांनी राखली शपथ, भाकरी त्याची पाक आहे,
जीभ त्याने कुठे ठेवली, एवढाच सवाल आहे.

हे मी सेल बघितल्यापासून जुळवत होते. शेवटच्या ओळीनंतर मी थांबले. म्हणाले असते आणखी, पण दम उरला नव्हता. खोटं नाही सांगत, मला भीती वाटली. तो जर उठून निघून गेला असता तर मी एर्मेकला त्या भिंतीकडे तोंड करूनच गमावलं असतं.

मग काठी टेकल्याचा आवाज आला. तोक्तोर खाकरला आणि म्हणाला की, या बाईने आयुष्यात एकदा तरी खरं बोलावं अशी अपेक्षा होती, पण तिने गाण्यातही अर्धंच सांगितलं. मी चढलो होतो. रेडिओ घेऊन चढलो होतो. आवाज आला नाही, मला वाटलं या पोराच्या तारेने माझी लहर खाल्ली, म्हणून मी त्याला हाणलं. एकदा नव्हे. पहिला चाबूक चुकला, दुसरा कानामागे लागला, तिसरा मीच आवरला, कारण पोरगं उलटून मला शिव्या देण्याऐवजी म्हणालं की, आजोबा, तुमच्या रेडिओवर तरी येतोय का आवाज? मग आम्ही दोघांनी अंधार पडेपर्यंत तार इकडून तिकडे फिरवली. शपथेचं मात्र ती म्हणते ते खरं. मी ऐकलं नाही. ऐकायला काही ठेवलंच नव्हतं कुणी. हे मी न्यायालयात सांगेन, आणि बकरीचंही सांगेन.

मी वळले. वळायचं नसतं, पण वळले. तो पांढरी टोपी हातात घेऊन उभा होता आणि त्याची दाढी ओली होती.

मग कुणी थांबवू शकलं नाही. एकेक उठून सांगायला लागलं, मी तेव्हा कुठे होतो. शिपाई म्हणाला की तो बहिणीच्या अंगणात लाकडं फोडत होता आणि तिने त्याला रेडिओ बघायला हाक मारली. सगळ्यांचं झाल्यावर बुरुल चहाचा वाडगा घेऊन हाकिमासमोर गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला आणि अगदी अदबीने विचारलं, साहेब, आणि आपण कुठे होता?

त्याने वाडगा घेतला. म्हणाला, आता काही आठवत नाही.

सगळ्या खोऱ्यात, मुकाश, एकाच माणसाला आठवत नव्हतं. दुवा म्हणायची वेळ येण्याआधीच तो उठून गेला. पुढच्या वर्षी कुरण नाही मिळालं तर न मिळो. मेंढ्या रस्त्याच्या कडेचंही खातात.

आता तुझं. तुझा वकील म्हणतो, बापाने काही आठवायचं नाही. ठीक आहे. पण न आठवणाऱ्यांच्या बाजूला आता कोण बसलं आहे ते तुला कळलं. मी पुन्हा विचारते. तू कुठे होतास?

तू कुठेही बसलास तरी माझा धाकटाच आहेस.

जिपार


तेमिर-सू,
२४ सप्टेंबर

तीर्थरूप एजेस,

मुकाशचा, आनारचा, आणि मांडीवर तिसरं ताट घेऊन बसलेल्या एर्मेकचा सलाम. वि. वि. ट्रकवाला ही बातमी माझ्या पत्राआधी पोचवणार हे मला ठाऊक आहे, पण तो घोडीचा रंगसुद्धा नीट सांगत नाही, म्हणून मी लिहितो.

खटल्याला अख्खं कुरण खाली उतरलं होतं, तुमची ताप घेऊन पडायची हीच वेळ होती का? दाजींनी तुमचा ताप सगळ्यांना एका वाक्यात सांगितला. त्यांना बोलताना पाहून लोक चकित झाले. वकिलाने मला बाहेर थांबायला सांगितलं होतं. मी आत गेलो. पहिला मीच उभा राहिलो.

मी सांगितलं की त्या संध्याकाळी मी बाजाराच्या तोंडाशी कलिंगड घेत होतो. कलिंगडवाल्याच्या पेटीवर रेडिओ होता. सोरोनकुलची वेळ झाली आणि आवाज आला नाही. त्याने कलिंगड ठोकून बघावं तसा रेडिओ ठोकला. मी त्याला म्हटलं, माझा मुलगा असता तर आत्ता दुरुस्त करून दिला असता, पण तो वर त्याच्या आत्याकडे रुसून बसला आहे. मग मला केंद्राच्या बाजूने लोक धावताना दिसले. मी कलिंगड तिथेच ठेवून घरी आलो आणि दार लावलं. एजे, मी त्यानंतर कलिंगड खाल्लेलं नाही, आणि का खात नाही हे आनारलाही सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, मला न आठवण्याचा सल्ला होता. मी खाली बसलो तेव्हा कलिंगडवाला मागच्या रांगेत उठून उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

तोक्तोर नवी टोपी घालून आला होता. सरकारी वकिलाने विचारलं, एक वर्षापूर्वीची एक संध्याकाळ तुम्हाला इतकी स्वच्छ कशी आठवते? तोक्तोर म्हणाला, तो माणूस रोज बोलायचा, न बोलल्याची संध्याकाळ एकच होती, ती कोण विसरेल. चाबूकही आणला होता. त्याच्या टोकाची गाठ आणि एर्मेकच्या कानामागची खूण शेजारी शेजारी धरून दाखवली. मग मागून एकेक उभं राहायला लागलं, मी कुठे होतो, मी कुठे होते. लिहिणाऱ्या बाईने शेवटी लेखणी खाली ठेवली आणि स्वतःचंही सांगितलं. ती केस धूत होती.

पुराव्याअभावी सुटका, असे शब्द आहेत. गुन्हेगार कोण, ते कागदावर कुठेच नाही. मला शाळेतून काढण्याची पत्रं तयार आहेत असं ऐकतो. येऊ देत. आनार म्हणते, नाहीतरी तुम्हाला मेंढ्या राखायला शिकायचंच होतं. एर्मेक पुढच्या ट्रकने तुमच्याकडे येतो आहे. काकिनसाठी दही घेऊन येतो आहे.

तुम्ही गायला नसतात तर मी पोराच्या हातात पेन दिलं असतं. हे मी विसरणार नाही. तुमच्या मायेला माझ्याकडून काही भर पडत असेल तर ती घ्यावी.

तुमचा,
मुकाश

ता. क. आज संध्याकाळी सोरोनकुलच्या वेळेला मी रेडिओ खिडकीत ठेवला, आवाज पूर्ण मोठा करून. खरखर अंगणभर गेली. पलीकडच्या खिडकीतही कुणीतरी लावला, मग तिसऱ्या. वरच्या मजल्यावर हाकिमाच्या कचेरीतले एक गृहस्थ राहतात. ते खाली डोकावून म्हणाले, मास्तर, तुमचा रेडिओ बिघडलाय वाटतं. मी वर पाहिलं आणि सांगितलं की नाही, साहेब, रेडिओ ठीक आहे.